आईच्या नावाआधीची जागा

आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम गळ्यात काही घालत नाहीत. कानात बारीक खडे आणि हातात घड्याळ, एवढंच. कपाळावर कधी छोटी काळी टिकली असते, कधी नसते. पहिल्या वर्षाला आम्हा मुलींची निम्मी चर्चा यावरच चालायची. लग्न झालेलं असेल का, झालं असेल तर मंगळसूत्र का नाही, की काही झालं असेल. ‘काही झालं असेल’ असं कुणी म्हणालं की मी डबा उघडायचे किंवा खिडकीबाहेर बघायचे.

एक दिवस मॅडमनी तासाला जवळपास तोच विषय काढला. म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राचा नव्हे. इंग्रजीत बायकांना काय म्हणून हाक मारावी, अर्जात काय लिहावं, दुकानात, कचेरीत काय म्हणावं, हा. लग्न न झालेली ती मिस, झालेली ती मिसेस, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक होतं. मॅडम या शब्दाबद्दल मात्र कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, कारण तो आमच्या तोंडात मराठीच होऊन बसला होता. त्या म्हणाल्या, हा शब्द मुळात फ्रेंच, त्याचा अर्थ ‘माझी बाई’, म्हणजे धनीण. आधी तो फक्त मोठ्या घरच्या बायकांसाठी होता. मग दुकानदारांनी तो दुकानात येणाऱ्या सगळ्याच बायकांना लावून टाकला. रागानं म्हटला तर टोमणा होतो. त्याचा एक वाईट अर्थही आहे, असं म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला, आणि मागच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघून हसली.

टोमण्याचं मला कळलं. आमच्या गावात मी कॉलेजला जायला लागल्यावर स्टॉपवर बसलेली माणसं म्हणायची, “काय मॅडम, आज उशीर झाला?” आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे ते हसून म्हणतात की चिडवून, हे मला कधी नीट ओळखता आलं नाही. मी दोन्हीला सारखंच हसायचे.

त्या दिवशी मी हात वर केला. मी वर्गात फारसं विचारत नाही. मला माझे हेल ऐकू येतात आणि मग वाक्य तुटतं.

“मॅडम, लग्न झालंय की नाही ते माहीत नसलं तर?”

“तर मॅडम म्हणायचं.”

“आणि नवरा... नवरा आहे की नाही ते माहीत नसलं तर?”

वर्ग हसला. त्यांना वाटलं, मी मॅडमबद्दलच आडून विचारते आहे. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

“तरीही मॅडम,” त्या म्हणाल्या. “तो शब्द बाईला काही विचारत नाही. ती समोर उभी आहे, तेवढं त्याला पुरतं.”

हे वाक्य मी शनिवारच्या एसटीतून घरी नेलं. आमचं गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी. मी आठवडाभर हॉस्टेलला राहते आणि शनिवारी घरी जाते. त्या दिवशी घाटी चढून गाडी खाली उतरायला लागली आणि खाडी दिसली, तेव्हा मी ते वाक्य मनात आईच्या आवाजात म्हणून बघत होते.

नवरा आहे की नाही ते माहीत नसलेली बाई म्हणजे माझी आई.

माझे बाबा मासेमारीच्या बोटीवर खलाशी होते. मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते, हंगाम संपत आलेला, पावसाआधीच्या शेवटच्या काही फेऱ्या चाललेल्या. पहाटे जाळं ओढताना बाबा पाण्यात पडले. तुफान नव्हतं, काही नव्हतं. बोटीनं तिथंच दिवसभर घिरट्या घातल्या. आसपासच्या बोटीही आल्या. संध्याकाळी बोट बंदराला लागली आणि बोट चालवणारा तांडेल आमच्या पडवीत येऊन उभा राहिला. आई त्याला बसा म्हणाली. तो बसला नाही. तो एवढंच म्हणाला, “वयनी, गावला नाय.” सापडला नाही म्हणाला, मेला असं म्हणाला नाही. दोन वर्षांत आमच्या घरात तो शब्द कुणीच म्हटला नव्हता. लोक म्हणायचे, गावला नाय. आम्हीही तेच म्हणायचो.

कचेरीत सांगितलं, सात वर्षं काही कळलं नाही तर मग कायद्यानं ठरवता येतं. भटजी म्हणाले, शास्त्राप्रमाणे बारा वर्षं. आणि वर असंही म्हणाले, की ज्याला पडताना चार जणांनी पाहिलं त्याच्यासाठी थांबायलाच हवं असं नाही, दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते. आई दोघांचंही ऐकून घ्यायची. मग घरी येऊन शिलाई मशीनवर बसायची. आई ब्लाउज शिवते. आमच्या वाडीतल्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते.

कुंकू ती लावत होती. मंगळसूत्र होतं, हातात हिरव्या बांगड्याही होत्या. कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही. पण वटपौर्णिमेला ती पहाटेच वडावर जाऊन यायची, बाकीच्या बायका जमायच्या आधी. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं ते असं, “येशील तर ये गो.” आधी म्हणायच्या, “लवकर ये, तुझ्याशिवाय उखाणे रंगत नाहीत.” माप द्यायला आलेल्या बायका तिच्या कपाळाकडे बघून मग तिच्या डोळ्यांकडे बघायच्या. मला वाटायचं, ती कुठंही गेली तरी लोक आधी तिला काहीतरी विचारतात आणि मग बोलायला लागतात.

म्हणून तो शब्द मला इतका आवडला होता.

घरी गेल्या गेल्या मी आईला सगळं सांगितलं. फ्रेंच, धनीण, दुकानदार, सगळं. वाईट अर्थ तेवढा सोडला. ती काजं करत होती. सुई न थांबवता म्हणाली, “म्हणजे राणीला पण मॅडम आणि मासळीवालीला पण मॅडम?”

“हो.”

“मग राणीला काय उपयोग त्याचा?”

मी हसले. मग म्हटलं, “मॅडम, चहा टाकू?”

तिनं वर बघितलं. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसली. “टाक,” ती म्हणाली. “साखर कमी टाक. मॅडम लोकांना डायबेटीस असतो.”

तेव्हापासून आमचा तो खेळच झाला. मी हॉस्टेलवरून फोन केला की म्हणायचे, “मॅडम, जेवलात काय?” ती म्हणायची, “जेवल्ये. तुमच्या कँटीनला काय होतं?” मी घरी आले की मॅडम हे द्या, मॅडम ते द्या. माझी चुलत बहीणही त्यात आली. तिला मी ताई म्हणते. ताईची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून आमच्या आईनंच तिला वाढवलं. काका, म्हणजे ताईचे वडील, आंब्याच्या बागांतून राखणीची आणि फवारणीची कामं करतात. आम्ही सगळे एकाच घरात, एकाच चुलीवर. ताई आईला काकी म्हणते, पण लहानपणी तापात असली की आये म्हणायची, असं आई सांगते.

मार्गशीर्षात ताईचं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, मुंबईला नोकरीला. घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलणं सुरू झालं. आणि मग पत्रिकेचा मजकूर करायची वेळ आली.

रविवारची दुपार होती. काका पडवीत दुसऱ्या कुणाची तरी जुनी पत्रिका समोर घेऊन बसले होते, तिच्यावरून आपली करायची म्हणून. मी शिकलेली, म्हणून लिहायला मला बसवलं. वरचा मजकूर झाला. ताईच्या नावाखाली ‘कै. सौ.’ घालून तिच्या आईचं नाव, आणि ‘श्री.’ घालून काकांचं. मग निमंत्रकांत आईचं नाव आलं आणि काका थांबले.

आमच्याकडे बाईचं नाव पत्रिकेत नुसतं घालत नाहीत. नवरा असला की सौ. आणि नसला की श्रीमती. कचेरीत श्रीमती कुणालाही म्हणतात म्हणे, पण लग्नाच्या पत्रिकेत श्रीमती वाचलं की गावातलं शेंबडं पोरही समजतं.

काका बराच वेळ त्या जुन्या पत्रिकेवर बोट फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता आत हाक मारली, “वयनी, तुमचं कसं घालायचं?”

मशीन थांबलं. आई दारात आली. तिला कळलं होतं.

“तुम्हाला कसं वाटतं?” तिनं विचारलं.

“मला काय वाटायचंय,” काका म्हणाले. “सौ. घातलं तर लोक बोलतील. नाय घातलं तर मी माझ्या हातानं...”  माझे बाबा त्यांचे सख्खे भाऊ.

मी मधेच म्हटलं, “मॅडम घालूया.”

मी खरंच मनापासून म्हटलं होतं, आता ते सांगताना हास्यास्पद वाटतं. काका म्हणाले, “लोकांना वाटंल शाळेतल्या बाईंना बोलावलंय भाषणाला.” ताई आतून हसली. आईसुद्धा थोडी हसली. मग तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. मागंपुढं काही नाही. त्याच्याआधी थोडी मोकळी जागा राहिली होती.

“नुसतं नाव घाला,” ती म्हणाली. “ज्याला जे वाचायचं ते वाचू दे.”

माझी नजर मात्र वरच्या ओळीकडे गेली. ताईची आई कितीतरी वर्षांपूर्वी गेली, ती अजून सौ. आहे. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून कायमची सौ. काका एकटे राहिले, ते पूर्वीही श्री. होते आणि आताही श्री. हे मी कुणाला म्हटलं नाही. कुणाला म्हणणार होते.

काका मजकूर घेऊन रत्नागिरीला प्रेसमध्ये गेले. चार दिवसांनी पत्रिका घेऊन आले. छान झाल्या होत्या, मोतिया रंगाच्या, वर सोनेरी गणपती. ताईनं गठ्ठा सोडला आणि वास घेतला. मी एक उघडली. निमंत्रकांत आईचं नाव होतं आणि त्याच्या आधी श्रीमती.

काका म्हणाले, “मी लिहिलेलं तसंच दिलं होतं.” ते लगेच प्रेसला फोन लावायला अंगणात गेले, तिथं रेंज येते म्हणून. त्यांचा आवाज चढला, मग उतरला. परत आले ते पायरीवरच बसले. “तो म्हणतो, आधी काही लिहिलं नव्हतं. बाईमाणसाचं नाव असं उघडं कसं छापायचं, बरं नाय दिसत, म्हणून त्यानं घातलं. सौ. असती तर तुम्ही लिहिली असतीत, म्हणतो. सुधारून देतो म्हणतो, पण दोन-तीन दिवस लागतील.”

गावातली आमंत्रणं दुसऱ्या दिवशी सुरू करायची होती. सगळे आईकडे बघत होतो. तिनं पत्रिका हातात घेतली, बाहेरच्या उजेडात धरली आणि वाचली. वरपासून सगळी वाचली, ताईच्या सासरच्या माणसांची नावंसुद्धा.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्यानं मानच दिला.”

मी म्हटलं, “आये, आपण पेनानं खोडूया.”

“लग्नाच्या पत्रिकेत खाडाखोड करतात होय गो?”

पहिली पत्रिका ग्रामदेवीच्या देवळात ठेवली. मग घरोघरी जायचं होतं. ताईला आई नाही, तेव्हा आमंत्रणाला आईच जायला हवी होती. मी बरोबर होते. आमच्याकडे आमंत्रणाला बाई आली की घरातली बाई तिला हळदकुंकू लावते, हातावर साखर ठेवते, आणि मग ती निघते.

पहिलं घर शेजारचं. तिथं एक म्हातारी आहे, तिला सगळे काकी म्हणतात. या काकीनं दोन वर्षांत एकदाही आईला कुंकू लावताना हात आखडला नव्हता. उलट इतर बायका घुटमळायच्या तिथं ही पुढं होऊन लावायची आणि म्हणायची, “गावला नाय म्हणजे गावायचा हाय.” आईला त्या घरी जायला कधी संकोच वाटला नाही.

काकीनं आम्हाला पाटावर बसवलं. ताईचं कौतुक केलं, मुलाची चौकशी केली. पत्रिका घेऊन डोळ्यांपासून लांब धरली आणि सुनेला म्हणाली, “वाच गो, माझा चष्मा नाय.” सून नवीन, देवरुखकडची. तिनं पत्रिका शाळेत धडा वाचतात तशी वाचली. गणपतीच्या श्लोकापासून. काकी मान डोलावत होती. एका हातात करंडा, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात बुडवलेलं. तेवढ्यात सुनेनं श्रीमती म्हणून आईचं नाव वाचलं आणि पुढच्या नावावर गेली.

काकीचं बोट तसंच वर राहिलं.

“ठरवलात काय गो तुम्ही?” तिनं विचारलं.

“नाय,” आई म्हणाली. “छापणाऱ्यानं घातलं.”

“मग मी काय करू?”

ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. ती घाबरली होती, असं मला वाटलं. आपल्या हातून काही वावगं घडू नये म्हणून म्हातारी माणसं घाबरतात तशी.

आईनं त्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाली, “ठेवा खाली, काकी. बोट दुखेल.”

काकीनं करंडा खाली ठेवला. बोटावरचं कुंकू तिनं स्वतःच्याच पदराला पुसलं, ते तसं कधी पुसत नाहीत. मग दोन्ही हातांनी आईचा हात धरला आणि त्यात साखर ठेवली. साखर खूप ठेवली. आईच्या बोटांतून ती पाटावर सांडत होती. सुनेला काय झालं ते कळलं नव्हतं. ती पत्रिका हातात धरून एकदा सासूकडे, एकदा आमच्याकडे बघत होती.

त्यानंतरच्या घरांत आई आत गेलीच नाही. अंगणातूनच पत्रिका द्यायची आणि म्हणायची, “घाईत हाय गो, अजून वरची वाडी राहिलीय.” कुणी आग्रह करायच्या आत ती पुढच्या पाणंदीला लागायची. मी मागून पत्रिकांची पिशवी घेऊन चालत होते. तिला काहीतरी म्हणावं असं मला सारखं वाटत होतं. शेवटी म्हटलं, “मॅडम, दमलात काय?” ती मागं न बघता म्हणाली, “दमल्ये.”

लग्नाआधी ताईचा चुडा भरायला आम्ही तिघी रत्नागिरीला गेलो. बांगड्यांच्या दुकानातला मुलगा माझ्याएवढाच असेल. आम्ही चढायच्या आत तो म्हणाला, “या मॅडम, बसा.” तो आईला म्हणाला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ओठांच्या कडेला जरा हसू आलं. मलाही बरं वाटलं. वाटलं, बघ, शहरात आहे हा शब्द, शहरात कुणी काही विचारत नाही.

त्यानं ताईचे दोन्ही हात भरले. गप्पा मारत, साबण न लावता, हात दाबून दाबून. एकही बांगडी फुटली नाही. मग तो आईकडे वळला. “मॅडम, आता तुमचा हात.”

आईनं हात पुढं केला. सवयीनं केला असावा. त्यानं तिच्या हातावरून माप घेतलं, हिरव्या बांगड्यांच्या खोक्याकडे हात नेला, आणि थांबला. तिच्या कपाळाकडे बघितलं. त्या दिवशी तिनं कुंकू लावलं होतं, पण अगदी बारीक, टिकलीपेक्षा बारीक. तसं ती आमंत्रणाच्या दिवसापासून लावायला लागली होती.

“हिरव्याच ना, मॅडम?” त्यानं विचारलं.

किती अदबीनं विचारलं त्यानं. आईनं हात मागं घेतला आणि माझा मनगटाला धरून पुढं केला. “हिला भरा,” ती म्हणाली. “बहिणीचं लग्न हाय तिच्या.”

माझे हात भरून झाले तेव्हा मला रडायला येत होतं, आणि त्या मुलाला वाटलं बांगडी रुतली. “झालंच ताई, झालंच,” तो म्हणत राहिला.

हळदीच्या आदल्या दिवशी घाणा भरायचा होता. अंगणात उखळ आणलं. दोन मुसळं एकत्र धरून त्यांना आंब्याची पानं बांधली. त्या उखळात पाच सवाष्णी हळकुंडं कांडतात आणि गाणी म्हणतात, मगच लग्नघर सुरू झालं म्हणायचं. नवरी पाटावर बसते. बायका जमल्या. ताई मात्र पाटावर बसेना. ती तशीच भरल्या चुड्यानं आतल्या खोलीत आली. आई तिच्या ब्लाउजला हूक लावत बसली होती. मी बाजूला दोरा ओवून देत होते.

“काकी, चल.”

“हे एवढे हूक लावते. तू बस जा.”

“तू मुसळाला हात लावल्याशिवाय मी बसायची नाय.”

“हट्ट नको करू. बायका थांबल्यात.”

“थांबू देत. त्यांच्यातल्या कुणी मला न्हाऊमाखू घातलंय? मला सवाष्ण-बिवाष्ण काय ठाऊक नाय. माझा विश्वासच नाय त्याच्यावर.”

आईनं सुई ब्लाउजला टोचून ठेवली. ताईचा हात हातात घेतला आणि तिच्या बांगड्या सारख्या करत बोलायला लागली, हळू, बाहेर जाऊ नये अशा आवाजात.

“माझा हाय की नाय ते मला पण ठाऊक नाय, बाय. माझ्या एकटीचं असतं तर मी जाऊन कांडलं असतं. बोलल्या असत्या तर बोलल्या असत्या. पण उद्या तुझ्या घरात साधं कुणाला तापसर जरी आलं ना, तर मी इथं मशीनवर बसून हेच म्हणत बसेन, मी हात लावला म्हणून. दुसऱ्या कुणी नाय म्हटलं तरी मी म्हणेन. तुझ्या बाबतीत मला तसं नकोय.”

 ताई आईच्या मांडीवर डोकं टेकून बसली. आईनं तिचे केस मागं केले, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “जा. काजळ पसरलं तर फोटोत दिसेल.”

थोड्या वेळानं बाहेर मुसळ पडायला लागलं. गाणं सुरू झालं. जमिनीतून त्याचा धक्का आत खोलीत येत होता. आई एकेक हूक लावत होती. हूक लागला की ती दोरा दातानं तोडायची आणि पुढचा घ्यायची. मी दोरा ओवत होते. आईला ती गाणी सगळी येतात. वाडीत कुठंही घाणा असला तरी पहिला आवाज तिचा असायचा. तिचे ओठ हलत होते की नाही, ते मी बघितलं नाही.

लग्न चांगलं झालं. जेवणाची तारीफ झाली. ताई जाताना काकांच्या गळ्यात पडून रडली आणि आईच्या पाया पडली तेव्हा रडली नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिली.

मंडप सोडल्यावर दोन दिवसांनी, काका दोऱ्या गुंडाळत होते, तेव्हा आई पडवीत येऊन म्हणाली, “भावोजी, भटजींना विचारून घ्या. तो पुतळ्याचा विधी करून टाकूया.”

काकांनी दोरी खाली ठेवली. “पत्रिकेमुळं म्हणताय काय वयनी? त्या प्रेसवाल्याला मी...”

“त्याचं काय चुकलं. त्याला जागा मोकळी दिसली.” ती खांबाला टेकून उभी होती. “मी दोन वर्षं त्यांना अर्धं दारात उभं करून ठेवल्यासारखं झालंय. आत पण नाय आणि बाहेर पण नाय. आणि मी पण तिथंच. दमल्ये मी. ते पण दमले असतील.”

मी आत भांडी लावत होते. हातातलं तसंच धरून मी उभी राहिले. तोपर्यंत मला वाटत होतं, आईला लोकांच्या बोलण्याचा त्रास होतो, एवढंच. तिला बाबांचंही वाटत असेल, की ते कुठंतरी मधेच अडकलेत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

विधी खाडीच्या काठी झाला, सकाळी, ओहोटीला. दर्भाचा पुतळा अगदी लहान होता. बाबा उंच होते. मला सारखं तेच दिसत होतं. काकांनी सगळं केलं. आई थोडी लांब, वाळूत बसली होती. पाण्याकडे तिनं पाठ केली नव्हती.

बांगड्या तिनं फोडू दिल्या नाहीत. आदल्या दिवशीच, आंघोळीच्या वेळी साबण लावून एकेक करून स्वतःच काढल्या. मशीनच्या खणात हूक आणि बटणं असतात, तिथं एका जुन्या डबीत ठेवल्या. कपाळ धुतलं. शेजारची काकी आली होती. ती आईला घट्ट धरून बसली. आईच तिला म्हणाली, “काकी, तुमचा पदर धुतलात काय? कुंकवाचा डाग लवकर जात नाय.”

मी सोमवारी कॉलेजला परत आले. इंग्रजीच्या तासाला मॅडमनी हजेरी घेताना वर बघितलं. “बरेच दिवस नव्हतीस.”

“हो मॅडम. घरी लग्न होतं.”

दुसरं काही मला सांगता आलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. मला त्यांच्यावर राग नव्हता. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. तो शब्द बाईला काही विचारत नाही. त्या दिवशी मला वाटलं, तो विचारत नाही तसा तो तिच्याजवळ थांबतही नाही. तो म्हणणारा माणूस आपला पुढं निघून जातो, आणि बाई तिथंच असते, तिचा हात पुढं केलेला. हे कदाचित मला नीट मांडता येत नसेल.

संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवरून मी घरी फोन केला. आई एकटीच होती. काका बागेत गेले होते, ताई सासरी. फोनमध्ये मशीनचा आवाज नव्हता.

“मॅडम, जेवलात काय?” मी म्हटलं.

 मला वाटलं रेंज गेली. अंगणात ती जास्वंदीजवळ उभी राहते, तिथून थोडी सरकली की आवाज तुटतो. मी दोनदा हॅलो म्हटलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाय, ते नको आता. आये म्हण.”

“आये.”

“हां,” ती म्हणाली. “आता बोल. जेवलीस काय?”